एकोणतीस गुणांची कादंबरी

शाळेत तिला पाऊणबाई म्हणत. एका गुणाचं उत्तर तिच्याच फळ्यावरून उतरवून लिहिलं तरी ती पाऊण गुण द्यायची. उरलेला पाव का कापला असं कुणी विचारलं तर म्हणायची, "पूर्ण गुण दिला तर उद्यापासून तू यायचा नाहीस." तेहेतीस वर्षं तिनं गणित शिकवलं आणि दर उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासले. शेवटची काही वर्षं तर इतरांनी तपासलेले पेपर तिच्याकडे पुन्हा तपासायला यायचे, आणि भली भली मास्तरमंडळी तिच्यासमोर घाम पुसत उभी राहायची.

पेपर तपासायची तिची एक रीत होती. ती शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करायची आणि उलटी येत पहिल्या प्रश्नापर्यंत पोचायची. सुरुवातीला सगळेच नटूनथटून बसलेले असतात, दमल्यावर माणूस कसा लिहितो ते बघावं, असं तिचं म्हणणं. ह्या रीतीनं तिनं हजारो मुलं पास-नापास केली. आणि ह्याच रीतीनं तिनं आपल्या धाकट्या दिराच्या सहा कादंबऱ्या तपासल्या.

दिराच्या कादंबऱ्या तिच्याकडे येण्याचं कारण साधं होतं. ती लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हा हा मुलगा गणितात दोनदा आपटलेला होता. सासऱ्यांनी त्याला काचेच्या दुकानात बसवायचं ठरवलंच होतं. नव्या सुनेनं सगळ्यांसमोर सांगितलं, "एक वर्ष मला द्या." वर्षभर तिनं त्याला रोज पहाटे उठवून गणितं घातली. तो बासष्ट गुणांनी पास झाला, पुढे वीज कंपनीत मीटर-रीडर म्हणून लागला. घरोघरी जायचं, जिन्याखाली वाकून आकडा टिपायचा आणि गेल्या महिन्याच्या आकड्याशी ताडून बघायचा. वापर आणि आकडा जुळला नाही तर समजायचं, घरात काहीतरी लपवलंय. हे काम त्यानं तीस वर्षं केलं. बाकीच्या वेळात त्यानं कादंबऱ्या लिहिल्या. दुसऱ्या ग्रहांच्या, पुढच्या शतकांच्या, कुठल्याही सरळ वाटेनं न जाणाऱ्या. प्रत्येक हस्तलिखित पूर्ण झालं की तो ते स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवायचा. "वहिनी, पेपर."

ती शेवटच्या पानावर लाल शाईनं शंभरपैकी गुण घालायची आणि परत द्यायची. गुणांबद्दल बोलायचं नाही, हा दोघांतला न सांगता ठरलेला नियम होता. विद्यार्थ्यानं परीक्षकाला भेटू नये.

घरात त्या कादंबऱ्यांना टोपणनावं होती. पहिली मीटरवाली. तिच्यात माणसाला जन्मतः ठरावीक शब्द मिळतात, मीटर फिरत राहतो, शब्द संपले की माणूस मुका. कल्पना मोठी होती आणि पहिली शंभर पानं शब्द जपून वापरल्यासारखी कोरडी, टणक होती. पुढे लेखकाचा धीर सुटला आणि मुकी माणसं एकदम भाषणं करायला लागली. चोपन्न.

दुसरी उलटी. ती शेवटापासून सुरू होऊन आरंभाशी संपायची. बाईनं ती आपल्या रीतीप्रमाणे शेवटच्या प्रकरणापासून मागे वाचत आणली आणि अठ्ठावन्न गुण दिले. त्या एकाच वेळी दिरानं नियम मोडून विचारलं, "वहिनी, रचना कशी वाटली?"

"सरळच तर आहे. जन्मला, शिकला, गेला. ह्यात प्रयोग कुठाय?"

तो आधी तिच्याकडे बघत राहिला आणि मग इतका हसला की दुकानातून त्याचा भाऊ काच हातात तशीच धरून आत आला.

ह्या दोन कादंबऱ्या दिरानं पदरच्या खर्चानं छापल्या, तीनतीनशे प्रती. "त्यातल्या अडीचशे-अडीचशे आमच्या पलंगाखाली आहेत," बाईचा नवरा आल्यागेल्याला सांगायचा. "ह्या घरात त्या पलंगाइतकं स्थिर कुणी नाही." त्यानं भावाचं एक अक्षर वाचलं नव्हतं. तो म्हणे, मी काचवाला, मला आरपार दिसतं तेवढंच कळतं.

तिसऱ्या कादंबरीत एकाच माणसाच्या सतरा नकला आळीपाळीनं बोलायच्या. बाईनं शेरा मारला होता, "सतराही भाऊजीच." अडतीस.

चौथी टाकीवाली. तिला बाईनं एकोणतीस दिले, म्हणजे सरळ नापास. त्यानंतर दिरानं नऊ वर्षं काही लिहिलं नाही. ओट्यावर काही येऊन पडलं नाही. तो कामावर जायचा, रात्री इथे जेवायला यायचा, दादाशी हवापाण्याच्या गप्पा मारायचा. नऊ वर्षांनी त्यानं पाठोपाठ दोन लिहिल्या. एक पुलावरची, एक परतीची. दोन्ही सुबक होत्या. प्रकरणं मोजून मापून, पात्रं ओळखीची, शेवट शेवटाच्या जागी. सहासष्ट आणि चौऱ्याहत्तर. बाईनं कुणाला घातलेले हे जवळजवळ सगळ्यात जास्त गुण होते.

आता दीर मागच्या खोलीत होता. लग्न केलं नव्हतंच, फुप्फुसं आखडत चालली तसं भावानं त्याला त्याच्या भाड्याच्या खोलीवरून इकडे आणलं. खोलीत एक खाट, ऑक्सिजनचं यंत्र, खिडकीला काचवाल्या भावानं बसवलेली दुधी काच. डॉक्टरनं महिने सांगितले होते, वर्षं नाही.

आणि अशा वेळी प्रकाशक आला. चाळिशीचा माणूस, खांद्याला पिशवी. जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्याला मीटरवाली सापडली होती आणि तिच्यात छापलेल्या पत्त्यावरून शोधत तो दारात पोचला होता. दिराच्या खाटेशी स्टुलावर बसून त्यानं मुद्द्याचं सांगितलं. "माझी संस्था लहान आहे. मी एकच पुस्तक काढू शकतो. चाललं तर पुढचं पुढे. पण खोटं कशाला सांगू, बहुधा एकच. सहातली कुठली ते तुम्ही सांगा."

दिरानं श्वास जमवला. "ते वहिनी सांगतील."

"तुमची स्वतःची आवडती?"

"आवड मुलाची विचारतात. पेपरचे... गुण असतात." त्यानं दाराकडे बोट केलं, जिथे बाई चहाचे कप घेऊन उभी होती. "ह्या परीक्षक."

प्रकाशक हसला. मग कुणीच हसत नाही असं बघून त्यानं कप घेतला. दहा दिवसांनी येतो म्हणाला.

रात्री जेवताना नवरा म्हणाला, "ह्यात दहा दिवस कशाला हवेत? चौऱ्याहत्तरवाली देऊन टाक. गुणानुक्रम लागलेलाच आहे."

"फेरतपासणी केल्याशिवाय देणार नाही."

"तुला निवृत्त केलंय गं बोर्डानं."

"गप जेवा."

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी पुढच्या खोलीत टेबलाशी बसायची. ह्या वेळी तिनं एक गोष्ट बदलली, ती पहिल्या पानापासून वाचू लागली. हे तिनं ठरवून केलं नव्हतं. हातातला कागद चष्म्याशिवाय दिसत नव्हता आणि उलटं यायची उमेद राहिली नव्हती, इतकंच.

मीटरवाली तिला पूर्वी वाटली होती त्याहून बरी वाटली, आणि तिचा शेवट त्याहून वाईट. उलटी पहिल्यांदाच उलटी वाचली, आणि तिला कळलं की तो माणूस प्रत्येक प्रकरणात काहीतरी विसरत जातो आणि शेवटी नुसतं रडणारं मूल उरतं. हे त्या वेळी तिच्या हातून निसटलं होतं. तरी मधली साठ पानं नुसती कसरत होती, ती तशीच होती. सतरा नकला तिला आताही सोसल्या नाहीत. अडतीस गुण तिनं कायम ठेवले आणि कायम ठेवता आले म्हणून तिला जरा धीर आला.

पुलावरची आणि परतीची तिनं दोन दिवसांत संपवल्या. वाचताना कुठे अडायला होत नव्हतं. चंद्रावरच्या वस्तीतला इंजिनिअर, त्याची वाट बघणारी बायको, बिघडलेलं यान, दुरुस्ती, परत येणं. प्रत्येक वाक्य आंघोळ करून, भांग पाडून आलेलं. कुणीतरी समोर छडी घेऊन बसलंय हे माहीत असलेल्या मुलानं लिहिलेला निबंध. तिनं स्वतःच घातलेल्या चौऱ्याहत्तरकडे बघितलं. ते गुण तिनं कादंबरीला दिले नव्हते, मुलगा पुन्हा शाळेत आला ह्याला दिले होते.

मग टाकीवाली उरली. ती तिनं दोन दिवस पुढे ढकलली.

टाकीवालीत एकही परिच्छेद नव्हता. वर पहिल्या ओळीत एवढंच होतं, की मेलेल्या एका ग्रहाखाली खणलेल्या वस्तीत एक राखणदार एकटाच राहतो. पुढे नुसती नोंदवही. एका पानावर एक दिवस. सकाळची टाकीची पातळी, पिण्याला किती, धुण्याला किती, यंत्राला किती, संध्याकाळची पातळी आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. शेरा रोज तोच, "सर्व ठीक." एकशे चाळीस पानं.

पानापानावर तिची लाल शाई होती. पहिल्या आठ पानांवर बरोबरची खूण. नवव्या पानावर वजाबाकी चुकली होती, संध्याकाळची पातळी यायला हवी होती त्याहून कमी. तिनं आकड्याभोवती गोल करून शेजारी बरोबर उत्तर लिहिलं होतं. दहाव्यावर तेच. अकराव्यावर तेच. शंभराच्या वर पानांवर लाल गोल आणि लाल दुरुस्त्या. त्यांच्या पुढच्या तीन पानांवर चूक थोडी लहान होती. आणि शेवटच्या अकरा पानांवर हिशेब तंतोतंत जुळत होता. त्या अकरा पानांवर तिनं अकरा बरोबरच्या खुणा केल्या होत्या. शेवटच्या खुणेला तर शाबासकीची लांब शेपटी होती.

तूट रोज दोन लिटरची होती. मग तीन दिवस एक लिटरची. मग शून्य.

राखणदारानं कुणाला तरी लपवलं होतं. नवव्या दिवशी ते आलं, रोज दोन लिटर पाणी प्यायलं, मग आजारी पडलं, मग मेलं. नोंदवही तपासायला येणाऱ्याला कळू नये म्हणून त्यानं एक शब्द लिहिला नाही. पण पाण्याचा आकडा त्याला खोटा लिहिता आला नाही. आणि शेऱ्याच्या रकान्यात, त्या पहिल्या शून्याच्या दिवशीसुद्धा, "सर्व ठीक." तिथे तिची बरोबरची खूण.

तिनं वही मिटली नाही. मधली तीसेक पानं कमी करता आली असती, हे तिला दिसलं. नव्वदाव्या दिवशी लेखकाला राहवलं नव्हतं आणि शेऱ्यात त्यानं "कुणीतरी गुणगुणलं" असं लिहिलं होतं, ती ओळ खोडायला हवी होती. बाकी कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. हे धरूनही, तेहेतीस वर्षांत तिच्या हातून गेलेल्या कागदांत हा एक असा होता, की ज्याला ती पाव गुणसुद्धा कापू शकली नसती.

हे सगळं समजून घ्यायला तिला आता कष्ट पडले नाहीत, कारण हे तिला माहीत होतं.

टाकीवाली पहिल्यांदा तपासायला आली त्या उन्हाळ्यात तिच्या टेबलावर बोर्डाच्या चारशे उत्तरपत्रिका होत्या. त्यांच्यातच ही वही होती. तिनं नेहमीप्रमाणे शेवटापासून सुरुवात केली. अकरा पानं बरोबर, मग लहान चुका, मग मोठ्या. मागे येता येता पंचवीसेक पानांवर गोल झाले, आणि तिचा हात थांबला. चूक करणारा मुलगा रोज वेगळी चूक करतो. रोज नेमकी तेवढीच चूक करणारा मुलगा चूक करत नसतो. हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? मग तिनं मागच्या पंचवीस पानांकडे बघितलं, वाळलेली लाल शाई, आणि शेजारचा गठ्ठा बघितला. लाल शाई पुसता येत नाही. परीक्षकानं खाडाखोड केली तर शेजारी सही करावी लागते. तिनं पुढच्या पानावर गोल केला. त्याच्या पुढच्याही. शेवटी गुण घातले ते रागानं घातले, आणि राग त्याच्यावर काढला.

सकाळी ती मागच्या खोलीत गेली. यंत्र सूं सूं करत होतं. दीर उशीला टेकून बसला होता.

"भाऊजी, टाकीवाली देऊ या."

तो तिच्याकडे बघत राहिला. "कुठली?"

"टाकीवाली. तीच आहे तुमची. बाकीच्या बऱ्या-वाईट आहेत, ती एकटी वेगळी आहे."

"एकोणतीस आहेत तिला."

"ते चुकले. फेरतपासणीत वाढले."

"किती?"

"आता गुण नकोत."

"वा!" तो हसला, हसण्याचा खोकला झाला. खोकला थांबेपर्यंत तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पाऊणबाईंना गुण नकोत. म्हणजे माझं... खरंच संपत आलं म्हणायचं."

"भलतं बोलू नका. माझं चुकलं, एवढंच सांगतेय. ते दोन लिटर मला तेव्हा कळले नाहीत. मी बेरजा तपासत बसले."

हे वाक्य तिनं रात्रभर घोळवलं होतं. त्यातला पहिला भाग खरा होता, शेवटचा खरा होता, मधला नव्हता.

दिरानं डोळे मिटले. तिला वाटलं, त्याला बरं वाटतंय. मग तो हळूहळू, श्वास मोजत बोलला.

"वहिनी, मी गणितात दोनदा आपटलेला माणूस. मला मीटर बघून चोरी कळायची. तुम्हाला रोजची दोन लिटर तूट कळली नाही? तुम्हाला?"

ती खाटेच्या कडेला बसली.

"वही परत आली तेव्हा आधी मलाही वाटलं, की वहिनींना कळलं नाही. रात्रभर वाटलं. मग म्हटलं, छे! वहिनींना कळलं नाही असं होईल का? त्यांना कळलं. कळूनही त्यांनी एकोणतीस दिले. म्हणजे युक्ती कळूनसुद्धा... कादंबरी तेवढ्याच लायकीची. मीच तिला डोक्यावर घेऊन बसलो होतो." त्यानं डोळे उघडले. "नऊ वर्षं लागली हे गिळायला. आता गिळलंय. परत वर काढू नका."

"मी खरं सांगतेय, भाऊजी. ती चांगली आहे."

"तुम्ही मला पास करताय. दया म्हणून." तो आता अगदी मायेनं बोलत होता, लहान मुलाची समजूत काढावी तसं. "तुमचा तोच एक गुण होता, की तुम्ही कुणाला दया म्हणून काही दिलं नाही. शेवटी शेवटी तो नका घालवू. खोटं बोलायचं तर नीट तरी बोला. कळलं नाही म्हणे!"

एका वाक्याचं काम होतं. मला कळलं होतं, पंचविसाव्या गोलावर कळलं होतं, आणि मी मागे फिरले नाही. ते वाक्य ऐकलं असतं तर त्याला विश्वास ठेवावा लागला असता. कारण असं वाक्य कुणी दया म्हणून बोलत नाही. ती खाटेच्या कडेला बसून होती, तिच्या ओठांवर ते आलं होतं. तेवढ्यात त्यानं तिचा हात थोपटला. "परतीची द्या. चौऱ्याहत्तर. ती माझी कमाई आहे." आणि ती म्हणाली, "बरं. औषध घेतलंत का?"

नऊ वर्षं गप्प बसलेला माणूस तिला दिसत होता. त्या नऊ वर्षांचं कारण ती तपासायच्या पेपरांच्या गठ्ठ्यावर ढकलू शकत नव्हती, हे तिला कळत होतं. तरी ती औषधाची बाटली शोधायला उठली. बाटली तिच्या समोरच होती.

प्रकाशक ठरल्या दिवशी आला. ती पुढच्या खोलीत टेबलाशी बसली होती, समोर परतीची कादंबरी. टाकीवाली तिनं खणात ठेवली होती, पण खणाला कुलूप नव्हतं. प्रकाशकानं पानं चाळली, इथे तिथे वाचली.

"नीटनेटकी आहे," तो म्हणाला. त्याला जे म्हणायचं होतं ते ह्याहून वेगळं होतं हे तिला ऐकू आलं. "खरं सांगू का, बाई, मीटरवाली वाचून मला वाटलं होतं, ह्या माणसानं पुढे काहीतरी भलतंच केलं असेल. वेडंवाकडं. म्हणून तर आलो. अशी एखादी नाहीये का?"

"केले होते प्रयोग. जमले नाहीत."

"बघायला मिळतील?"

"त्यांनी नको म्हटलंय."

हे खरं होतं. तिनं ते शांतपणे, शाळेत पालकांशी बोलायची तसं सांगितलं. प्रकाशकानं मान डोलावली, वही पिशवीत घातली, दारात चपला घालता घालता एकदा मागे वळून टेबलाकडे बघितलं. ती उठली नाही. तो गेला.

दार लागलं आणि तिचे खांदे सैल पडले. आता त्या एकशे चाळीस पानांवरचे लाल गोल कुणी बघणार नव्हतं. शेवटच्या पानावरची शेपटीवाली खूण कुणी बघणार नव्हतं. लेखकाची इच्छा होती, तिनं ती पाळली, सगळं रीतीप्रमाणे झालं. तिला इतकं हलकं वाटलं की ती टेबलाला धरून बसून राहिली.

"गेले का?" आतून आवाज आला.

"गेले."

"काय म्हणाले?"

"नीटनेटकी आहे म्हणाले."

"बघा," तो आतून म्हणाला. त्याच्या आवाजातला आनंद भिंतीपलीकडूनही कळत होता. "बघा, मी काय म्हणत होतो!"